हंसविणारा पाटावर, भिवविणारा उंबरठ्याबाहेर

गेल्या माघांत आमच्या घरीं एक खटला उभा राहिला. आरोपी दोन होते: एक प्रस्तुत लेखक, वय वर्षें अडुसष्ट, आणि दुसरी त्याची नात, वय वर्षें पंधरा. आरोप असा कीं, माझा मुलगा व सून एका लग्नाकरितां परगांवीं गेलीं असतां आम्हां दोघांनीं रात्रीं साडेदहा वाजतां दिवाणखान्यांत बसून एक भयपट पाहिला, आणि तोही शेवटपर्यंत पाहिला. न्यायाधीश अर्थातच चिरंजीव. त्यांनीं दिलेला निवाडा त्यांच्याच शब्दांत सांगतों, कारण सुशिक्षित घरांतून हाच निवाडा थोड्याफार फरकानें नित्य दिला जात असतो. "बाबा, तिला कार्टून पाहायला आम्ही कधी अडवलं आहे का? हवी तेवढी पाहा म्हणावं. पण हे असलं अभद्र कशाला? आणि तेही आईला जाऊन तीन महिने झाले नाहीत तोच!"

ह्या निवाड्यावर मीं त्या वेळीं अपील केलें नाहीं. चहा निवत होता. तें अपील आतां वाचकांपुढें करतों.

चिरंजिवांच्या म्हणण्याच्या मुळाशीं दोन समजुती आहेत. रेखाटलेलें चित्र हलूं बोलूं लागलें कीं तें मुलांचें, ही पहिली. आणि हंसें हें निरुपद्रवी व भय हें घातक, ही दुसरी. दोन्ही समजुती इतक्या सोयीच्या आहेत कीं त्यांची तपासणी करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

पहिलीस इतिहासाचा आधार नाहीं. कार्टूनची कौटुंबिक मालिका बालोद्यानांत जन्मलीच नव्हती. अमेरिकेंत ३० सप्टेंबर १९६० रोजीं 'द फ्लिंटस्टोन्स' ही मालिका सुरू झाली ती संध्याकाळच्या, थोरामोठ्यांच्या वेळेस. तिचा सांचा 'द हनीमूनर्स' ह्या जिवंत नटांच्या विनोदी मालिकेवरून उचललेला होता, आणि आरंभीं तिचा खर्च चालविणाऱ्यांत विन्स्टन सिगारेटवाले होते. बायका अंगणांत राबत आहेत आणि अश्मयुगांतील ते दोघे शेजारी घरामागें दडून धूर काढीत बसले आहेत, अशी त्या पात्रांचीच जाहिरात आजही पाहावयास मिळते. 'द सिम्प्सन्स'ची गोष्ट निराळी नाहीं. मॅट ग्रोनिंग ह्या व्यंगचित्रकारानें १९८७ सालीं दुसऱ्याच एका कार्यक्रमांत भर म्हणून तें पिवळें कुटुंब रेखाटलें. १७ डिसेंबर १९८९ पासून तें अर्ध्या तासाचें झालें आणि आजतागायत चालूं आहे. १९९२ सालीं राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश ह्यांनीं एका सभेंत इच्छा व्यक्त केली कीं, अमेरिकन कुटुंबें 'द वॉल्टन्स' ह्या जुन्या मालिकेंतील सालस कुटुंबासारखीं अधिक आणि सिम्प्सनांसारखीं कमी व्हावींत. थोड्याच दिवसांत त्या कार्टूनमधील पोरानें प्रत्युत्तर दिलें कीं, मंदी संपावी म्हणून प्रार्थना करण्यांत आम्हीही वॉल्टनांच्या मागें नाहीं! जें एका राष्ट्राध्यक्षास बोचलें तें आमच्या घरीं दुधाभाताबरोबर वाढलें जातें, आणि वाढणाऱ्यास वाटतें कीं आपण पोराला खेळणें दिलें.

हंसें निरुपद्रवी असतें म्हणणाऱ्यांनीं माझ्या भाच्यास विचारावें. तो न्यू जर्सींत वाढला. शाळेंतील पोरें त्याला त्याच्या नांवानें हांक मारीत नसत. 'सिम्प्सन्स'मधील किराणा दुकानदार अपू ह्याच्या नांवानें मारीत, आणि त्या पात्राची बोलण्याची ढब त्याला ऐकवीत. हा एकट्या माझ्या भाच्याचा अनुभव नव्हे. हरि कोंडाबोलू ह्या विनोदकारानें २०१७ सालीं ह्याच विषयावर एक माहितीपट काढला, आणि पुढें २०२० सालीं त्या पात्रास आवाज देणाऱ्या हँक अझारिया ह्यानें तें काम सोडल्याचें जाहीर केलें. तीस वर्षें हंसून झाल्यावर कळलें कीं कोणाला तरी लागत होतें. असो, हा मुद्दा माझ्या अपिलांतील मुख्य नव्हे.

मुख्य मुद्दा काळाचा आहे. बार्ट सिम्प्सन १९८९ सालीं दहा वर्षांचा होता व आजही दहाच वर्षांचा आहे. त्याची बहीण लिसा आठ वर्षांची, आणि धाकटी मॅगी अद्याप तोंडांतली चोखणी सोडावयास तयार नाहीं. ज्या दिवशीं ती मालिका सुरू झाली त्या दिवशीं जन्मलेल्या मुलास आज स्वतःचीं मुलें असतील, पण बार्टचा बाप होमर अजून तसाच केस गळलेला, तसाच नोकरींत डुलक्या घेणारा. भागांत घर जळो, नोकरी जावो, बायको रुसून निघून जावो. पुढच्या रविवारीं घर जागच्या जागीं, नोकरी कायम, बायको स्वयंपाकघरांत. 'साउथ पार्क' ह्या १९९७ सालीं सुरू झालेल्या मालिकेंत केनी नांवाचा गरीब घरचा पोर आरंभींच्या कांहीं वर्षांत जवळजवळ प्रत्येक भागांत मरे आणि पुढच्या भागांत हजर असे. त्याच्या मरणावर मित्रांनीं काढावयाचे उद्गारसुद्धां ठरून गेलेले होते. आतां कोणी म्हणेल, ही विनोदाची रीत आहे, तिच्यावर रागावण्यासारखें काय? मी रागावत नाहीं. मी इतकेंच म्हणतों कीं ज्या जगांत कोणत्याही कृत्याचा परिणाम पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाहीं, त्या जगाला निरुपद्रवी म्हणण्यापूर्वीं सुशिक्षित आईबापांनीं क्षणभर थांबावें.

ह्या मालिकांत खरें मरण येतें तेव्हां तें कोणत्या वाटेनें येतें तें पाहा. सिम्प्सनांच्या शेजारची सोज्वळ गृहिणी मॉड फ्लँडर्स २००० सालीं मारली गेली. शर्यतीच्या मैदानांत प्रेक्षकांवर फुकटचे सदरे उडविणाऱ्या तोफेच्या माऱ्यानें ती वरच्या पायरीवरून खालीं पडते. ती कां मेली? तिला आवाज देणाऱ्या नटीचा मेहनतान्यावरून वाद झाला व तिनें काम सोडलें म्हणून! मरणाची एवढी रोकडी कारणमीमांसा दुसऱ्या कोणत्या वाङ्मयांत सांपडेल असें वाटत नाहीं.

तरी एकदां ह्या मालिकेनें स्वतःच्याच पायाखालची फरशी उचलून दाखविली आहे, आणि ती मीं प्रत्यक्ष पाहिली आहे. १९९७ च्या मे महिन्यांत मी कामानिमित्त अमेरिकेंत होतों. रविवारीं संध्याकाळीं भाड्याच्या खोलींत करमणूक म्हणून ती मालिका लावी. त्या रविवारीं होमरच्या कारखान्यांत फ्रँक ग्राइम्स नांवाचा नवा मनुष्य कामावर आला. लहानपणापासून कष्टांत वाढलेला, टपालानें शिक्षण घेऊन पदवी मिळविलेला, कपाळावर आठ्या घातलेला. राहतो कोठें, तर चेंडूच्या खेळाच्या एका अड्ड्यावर आणि दुसऱ्या अड्ड्याखालीं, मधल्या खोलींत. होमर चुकून तेजाबाचें भांडें तोंडास लावतो; ग्राइम्स तें उडवून देऊन त्याचा जीव वांचवितो, आणि भिंतीची नासधूस झाली म्हणून पगार कापला जातो तो ग्राइम्सचा. मग तो होमरच्या घरीं जातो. एवढें मोठें घर, बायको, मुलें, अंतराळांत जाऊन आल्याचा फोटो! ह्या आळशाला हें सारें कसें मिळालें, हा प्रश्न ग्राइम्स विचारतो. आणि त्या प्रश्नाला त्या जगांत उत्तर नाहीं, कारण तो प्रश्न आपल्या जगांतला आहे. शेवटीं त्याचें डोकें फिरतें. होमर जसा वागतो तसें मीही वागून पाहतों म्हणत तो धांवत सुटतो, आणि जबर दाबाच्या विजेच्या तारांना उघड्या हातानें स्पर्श करून मरतो. स्मशानांत होमर बसल्या जागीं घोरत असतो. झोंपेंतच तो बायकोला वाहिनी बदलावयास सांगतो, आणि जमलेले सर्व लोक हंसतात. पेटी खालीं जात असतां हंसतात.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. भयपट पाहून जशी येत नाहीं तशीच आली नाहीं. मेहनती माणसाच्या प्रेतावर सभ्य मंडळी हंसत आहेत, कारण चालूं करमणुकींत त्यानें व्यत्यय आणला, ह्याहून भयंकर दृश्य मीं भयपटांत फारसें पाहिलेलें नाहीं. आणि पुढच्या रविवारीं? होमर जागच्या जागीं.

ह्या मालिकेच्या कर्त्यांनाही आपल्या जगाची ही उणीव ठाऊक असावी. एरवीं, १९९० पासून दरवर्षीं भुतांच्या सणाच्या सुमारास ते तीन छोट्या भयकथांचा एक भाग कां काढते? पहिल्याच वर्षीं त्यांनीं एडगर ॲलन पो ह्याची कावळ्याची कविता घेतली, आणि आरंभीं आईच्या तोंडून पालकांना सावधगिरीचा इशारा दिला. १९३१ च्या 'फ्रँकेनस्टाइन' बोलपटाच्या आरंभीं एक गृहस्थ पडद्यापुढें येऊन जो इशारा देतो त्याची ही नक्कल. ह्या वार्षिक भागांतच तेवढें होमरला मरतां येतें, मुलांना मारतां येतें, जग बुडवितां येतें. वर्षांतून एक दिवस परिणामांना सुटी नसते! १९९४ सालच्या भागांत त्यांनीं स्टॅन्ली कुब्रिक ह्याच्या 'द शायनिंग' ह्या १९८० च्या भयपटाचें विडंबन केलें. मूळ कथेंत दारू सोडलेला, पूर्वीं रागाच्या भरांत पोटच्या पोराच्या हाताला इजा केलेला बाप हिवाळ्यांत बंद पडलेल्या हॉटेलांत बायकोमुलांसह राहतो आणि हळूहळू कुऱ्हाडीपर्यंत पोंचतो. विडंबनांत दूरदर्शन आणि बीअर बंद झाल्यामुळें होमर वेडा होतो. घर तेंच आहे, बाप तोच आहे. पण एकाला पाहून आपण म्हणतों, "हा आपला होमर!" आणि दुसऱ्याला पाहून आपल्या माहितींतील एखादें घर आठवतें, जेथें संध्याकाळीं फाटकाची कडी वाजली कीं मुलें गप्प होतात. त्या मुलांकरितां कोणतें चित्र अधिक सत्य आहे?

भयपटांत केलेलें पुसलें जात नाहीं. १९६८ सालीं जॉर्ज रोमेरो ह्यानें पिट्सबर्गच्या परिसरांत थोड्या पैशांत काढलेला 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' घ्या. प्रेतें उठलीं आहेत. शेतांतल्या घरांत कांहीं माणसें अडकलीं आहेत. तळघरांत लपावें कीं वर राहून झुंजावें ह्यावरून दोघे भांडतात. धाडसी नायक वर राहण्याच्या बाजूचा. आणि अखेर ज्या तळघराला त्यानें नाकारलें त्याच तळघरांत तो एकटा पहांटेपर्यंत जिवंत उरतो. सकाळीं बंदूकधारी गांवकरी येतात आणि त्यालाच प्रेत समजून गोळी घालतात. नायक कृष्णवर्णी आहे, गोळी घालणारे गोरे आहेत. आणि मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा खून त्याच वर्षींच्या एप्रिलांतला. त्याविषयीं बोलपटांत एक अक्षर नाहीं. पुढच्या आठवड्यांत तो नायक उठून बसत नाहीं.

येथें फिर्यादीच्या बाजूचा उत्तम साक्षीदार मीच हजर करतों. रॉजर ईबर्ट ह्या समीक्षकानें हा बोलपट दुपारच्या खेळास लहान मुलांबरोबर पाहिला. मुलें प्रथम मजेंत ओरडत होतीं, मग चिडीचूप झालीं, आणि एक लहान मुलगी जागच्या जागीं रडत राहिली, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. अमेरिकेंत वयोमानानुसार चित्रपटांची वर्गवारी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सुरू झाली. हा बोलपट त्यापूर्वीं बाहेर पडलेला. ईबर्टचें म्हणणें मला सर्वस्वीं मान्य आहे. सात वर्षांच्या मुलापुढें मी असला बोलपट ठेवणार नाहीं, आणि जो ठेवील त्याचें मी समर्थन करणार नाहीं. पण आमचे चिरंजीव सात वर्षांच्या मुलीविषयीं बोलत नव्हते.

आणखी एक कबुली दिली पाहिजे. भयपटांत कचरा पुष्कळ आहे, आणि तो कोणत्या जातीचा आहे हें सांगितल्यास माझ्या म्हणण्यास बळकटीच येईल. १९७८ चा 'हॅलोवीन' हा चांगला भयपट. पण त्यांतील मुखवटेवाला खुनी मरेचना, आणि २०२२ पर्यंत त्या नांवाचे तेरा बोलपट निघाले. गोळ्या घाला, जाळा, पुढच्या भागांत तो हजर! हा भयपट राहिलाच नाहीं. हातांत सुरी दिलेला बार्ट सिम्प्सन झाला. मरणाचें मोल गेलें कीं भयपटही कार्टून होतो, आणि मग तो बंद केल्याबद्दल मी कोणासही दोष देणार नाहीं.

आमच्या सुशिक्षितांना रसशास्त्राची आठवण द्यावी तर भरतानें आठ रसांत हास्याला जसें आसन दिलें तसेंच भयानकालाही दिलें. इतकेंच नव्हे, तर हे दोन्ही भाव विशेषेंकरून स्त्रिया व नीच पात्रें ह्यांच्या ठायीं आढळतात असें सांगून त्यानें दोघांना एकाच पंक्तीस बसविलें! त्यांतील एकाला उचलून पाटावर घेणें व दुसऱ्याला उंबरठ्याबाहेर उभें करणें, हा आमचा मध्यमवर्गीय शोध आहे.

तो जुनाही नाहीं. माझी आजी रत्नागिरीकडची. दिवेलागणीनंतर ती मुंजाची, हडळीची, जखिणीची गोष्ट सांगे, आणि आम्ही एकमेकांना चिकटून ऐकत असूं. ह्या नांवांचा अर्थ आज कोणी मुलांना सांगतो काय? मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज होण्यापूर्वीं मेलेला पोर. हडळ म्हणजे बाळंतपणांत वा त्यानंतरच्या थोड्या दिवसांत मेलेली बाई. आमचीं भुतें म्हणजे गांवच्या मृत्यूंची नोंदवहीच होती. बाळंतिणी किती मरत हें त्या काळच्या सभ्य कादंबऱ्यांनीं जेवढें सांगितलें नसेल तेवढें पिंपळाखालच्या आणि विहिरीकांठच्या बायांनीं सांगितलें. त्याच मुलखांतील पावसाचा, वाड्यांचा आणि लोभाचा 'तुंबाड' हा राही अनिल बर्वे ह्यांचा बोलपट २०१८ सालीं निघाला. बापाचा लोभ मुलाच्या अंगीं कसा उतरतो आणि एक मुलगा अखेर तो वारसा कसा नाकारतो, हें त्यांत दाखविलें आहे. पहिल्या खेपेस त्याला बेताचाच प्रेक्षक मिळाला. २०२४ सालीं तो पुन्हा लागला तेव्हां पहिल्याहून अधिक गल्ला जमला. तेव्हां ऐकणारीं माणसें आहेत; सांगणारी आजी तेवढी राहिली नाहीं.

आतां त्या रात्रीकडे येतों. कार्तिकांत माझी पत्नी गेली. घरांत सर्वांनीं ठरवून टाकलें कीं ती शांतपणें गेली. भेटावयास येणाऱ्यांना तेंच सांगितलें, नातीलाही तेंच सांगितलें. नात शाळेंतून आली कीं कार्टून लावून बसे, तीन तीन तास. सूनबाई म्हणत, "बरं झालं, सावरली बाई पोर." मी दोनतीन वेळां तिच्या शेजारीं जाऊन बसलों. पडद्यावर लोक हंसत होते; ती हंसत नव्हती.

आम्हीं पाहिलेला बोलपट म्हणजे जेनिफर केंट ह्या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेचा २०१४ चा 'द बाबाडूक'. एक विधवा आहे. वृद्धाश्रमांत काम करते. तिला बाळंतपणासाठीं इस्पितळांत नेतांना मोटारीच्या अपघातांत नवरा मेला, त्यामुळें मुलाचा वाढदिवस त्या तारखेस ती कधींच करीत नाहीं. नवऱ्याचें नांवही काढूं देत नाहीं. घरांत एक चित्रांचें पुस्तक सांपडतें. त्यांत काळ्या टोपीचा एक राक्षस. ती तें फाडते, तें परत येतें. जाळते, आणि तरी तो राक्षस जात नाहीं. शेवटीं तो मारला जात नाहीं, हेंच ह्या बोलपटाचें मोठेपण. तो तळघरांत राहतो. ती रोज वाडग्यांत किडे घालून त्याला खावयास नेते, त्याच्या गर्जनेनें थरथरते, आणि वर येऊन मुलाचा वाढदिवस करते. पहिल्यानेंच, नेमक्या त्या तारखेस.

बोलपट संपल्यावर नात बराच वेळ बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "आजोबा, आजी खरंच शांतपणे गेली का हो?"

मीं सांगितलें, नाहीं. तिला भीति वाटत होती. इस्पितळांतील त्या दोन रात्रीं तिनें मला दिवा मालवूं दिला नाहीं. मी उठून बाहेर गेलों कीं परत येईपर्यंत दाराकडे पाहत असे. शेवटच्या रात्रीं तिनें नातीचें नांव दोनदां घेतलें. नात रडली; तीन महिन्यांत पहिल्यानेंच रडली. आम्ही दोनपर्यंत जागे होतों आणि मधल्या बोळांतील दिवा रात्रभर चालूं ठेविला होता. सकाळीं परतलेल्या मंडळींना तो दिवा दिसला, आणि त्यावरूनच खटला उभा राहिला.

पोरीची झोंप गेली, हा फिर्यादीचा शेवटचा मुद्दा; आणि तो खरा आहे. एक रात्र गेली. चिरंजीव हा लेख वाचतील असें त्यांच्या मातोश्रींच्या शपथेवर सूनबाईंनीं मला सांगितलें आहे. नातीनें जें त्या रात्रीं विचारलें तें त्यांनीं मला अद्याप विचारलेलें नाहीं. तेही अलीकडे जेवतांना कार्टून लावून बसतात.